बारावा गडी

माणसे निवडण्याचे काम आपल्याकडे बहुधा वडीलधाऱ्यांकडे असते, आणि त्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी त्यांची ठाम समजूत असते. सून निवडायची, जावई निवडायचा, सालाचा गडी निवडायचा, बैलांची जोड निवडायची. यांपैकी शेवटचे काम सर्वात अवघड, असे मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितले होते. बाजारात एखादा देखणा खोंड पाहून माणूस भुलतो, पैसे मोजून त्याला घरी आणतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की नांगर काही एकटा बैल ओढत नाही. त्याच्या पावलाला पाऊल देणारा दुसरा हवा. एक दांडगा आणि एक मवाळ असे दोघे जुवाखाली आले, की तास सरळ निघत नाही. नांगर आपला एका अंगाला ओढला जातो.

हे मला आठवायचे कारण असे, की दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मला बारा मुले निवडावी लागतात. मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शाळेत व्यायामशिक्षक नसल्यामुळे कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात आला, तो आजतागायत तिथेच आहे. कादंबरीकाराला हे काम सोपे जावे असे कुणाला वाटेल. पण कादंबरीतले पात्र नकोसे झाले तर त्याला परगावी पाठवता येते, फारच झाले तर तापाने मारता येते. संघातून वगळलेला मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बाकावर बसलेला असतो आणि आपण कवितेचा अर्थ सांगत असताना आपल्याकडे एकटक बघत असतो.

ज्या वाचक-भगिनींनी हा खेळ केवळ अंगणात आरडाओरडा आणि फाटलेले सदरे एवढ्याच रूपात पाहिला असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आपल्याकडे जुनी माणसे याला हुतूतू म्हणतात. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळापायी सारे आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, आणि पहिले सुवर्णपदक आपल्याच देशाने आणले. म्हणजे मातीत जन्मलेले हे पोर हळूहळू विमानात बसू लागले.

खेळात सात गडी आत आणि पाच बाहेर, असा बारांचा संघ. चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरतो आणि तीस सेकंदांत कुणाला तरी शिवून परत येतो, किंवा येत नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पण या खेळाची खरी गंमत पुढे आहे. बाद झालेला गडी मैदानाबाहेर रांगेत जाऊन बसतो. आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला, की या रांगेतला पहिला बसलेला उठून आत येतो. दोन बाद केले की दोघे येतात. म्हणजे कितीही नामांकित चढाईवाला असो, एकदा पकडला गेला की त्याचे पुन्हा मैदानात येणे त्याच्या हातात उरत नाही. ते असते कोपऱ्यावर वाकून उभ्या राहिलेल्या, कुणाला नावानेही माहीत नसलेल्या, एखाद्या पोराच्या हातात. त्याने पुढच्या चढाईवाल्याचा घोटा धरला तर आमचा हिरो जिवंत. नाहीतर तो रेषेबाहेर बसून नखे कुरतडत राहणार.

हे एकदा उमगले म्हणजे बारा मुले निवडण्याची तऱ्हा बदलते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात चढाईला, म्हणून प्रत्येक मुलाला चढाईवालाच व्हायचे असते. निवडीच्या दिवशी मी विचारतो, ‘कोण कोण चढाई करणार?’ तर चाळीस हात वर होतात. ‘कोपरा कोण सांभाळणार?’ असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. पण सातांत सातही चढाईवाले घेतले तर तो संघ नव्हे, ती वरात. उजवा कोपरा आणि डावा कोपरा यांना घोटा धरणारे, बुटके, चिवट आणि सबुरीचे गडी लागतात. त्यांच्या आतल्या अंगाला साखळी करायला साथीदार लागतात. बाजूने येऊन छातीने धडक देणारे, रुंद खांद्यांचे दोघे लागतात. चढाईवाल्यांतही एकाच घडणीचे चालत नाहीत. एक हलक्या पायाचा हवा. समोर सहा किंवा अधिक गडी असताना मागची रेषा ओलांडून बोनसचा गुण आणणारा. दुसरा ताकदीचा हवा. तिघांनी धरला तरी हात मधल्या रेषेला टेकवणारा. आणि दोघांपैकी एक डावखुरा मिळाला तर देवच पावला. कारण समोरच्यांची सगळी तालीम उजव्या हातापासून जपण्याची झालेली असते.

आमच्या तालुक्यात ही निवड आणखी दोन कारणांनी अवघड होते. पहिले कारण म्हणजे तालीम. हा मुलूख कुस्तीचा. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ मुळशीतल्या मुठ्याचे, आणि २०२५ साली महाराष्ट्र केसरीची गदा पटकावणारा पृथ्वीराज मोहोळही मुळशीचाच. त्यामुळे पोरगे जरा अंगाने भरले की घरचे त्याला लंगोट देऊन तालमीत धाडतात, आणि माझ्या वाट्याला काटकुळी तेवढी उरतात. दुसरे कारण म्हणजे पाऊस. शालेय स्पर्धा होतात त्या पावसाळ्यात किंवा तो सरता सरता, आणि ताम्हिणीच्या बाजूने एकदा आभाळ उतरले की आमचे मैदान खाचर होऊन जाते. मग आम्ही मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सराव करतो. खांबांना पोती बांधतो, दर पकडीला घंटेला डोके लागते, आणि पुजारीबुवा आतून ‘हळू रे’ म्हणतात. त्यात अलीकडे स्पर्धा मातीवर नसतात, मॅटवर असतात. अनवाणी पायांनी शेणामातीत वाढलेले पोर त्या मऊ गादीवर पहिल्यांदा उभे राहते, तेव्हा ते नव्या सुनेसारखे पाय उचलते.

तर अशा एका वर्षाची गोष्ट सांगतो. त्या वर्षीच्या संघाएवढा जुळून आलेला संघ मला पुन्हा मिळाला नाही.

डाव्या कोपऱ्याला आणि त्याच्या शेजारी मी ज्या दोन मुलांना उभे केले, ती चुलत-चुलत भाऊ होती. दोघांच्या बापांत बांधावरून वाद होता, आणि त्याच्या तारखा पौडच्या कचेरीत पडत. घरे एकाच आळीत, पण जाणे-येणे बंद. वर्गात ही दोघे दोन टोकांना बसत. कबड्डीत साखळी म्हणजे दोघांनी एकमेकांचा हात धरून चढाईवाल्याला वेढायचे. ही दोघे हात धरल्यासारखे करीत, पण धरीत नसत; नुसती बोटे बोटांना लागत. चढाईवाला बरोबर त्या फटीतून निसटून जाई. लोकांनी मला सल्ला दिला, की एकाला हलवा. पण त्या दोन जागांसाठी त्यांच्याइतके लायक दुसरे कोणी नव्हते. एकाचा डोळा चांगला होता आणि दुसऱ्याचा हात. मी त्यांना बंधुभावावर व्याख्यान दिले नाही. व्याख्यानाने बांध हलत नाहीत, हे मला मास्तरकीत कळून चुकले आहे. मी एवढाच नियम केला, की साखळी तुटली तर दोघांनी देवळाला पाच प्रदक्षिणा पळत घालायच्या, आणि त्याही हात धरून. पहिला आठवडा ती दोघे पळतच होती. दुसऱ्या आठवड्यात प्रदक्षिणा कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या सर्वात दांडग्या चढाईवाल्याला त्यांनी असा काही वेढला, की तिघेही नंदीवर जाऊन आदळले. उठताना धाकट्याने थोरल्याच्या कपाळाला लागलेले पाहिले आणि आपल्या सदऱ्याने रक्त पुसले. मी दुसरीकडे पाहिले. असल्या वेळी मास्तराने दुसरीकडे पाहावे.

त्या संघाचा मुख्य चढाईवाला मात्र त्या संघात खेळलाच नाही. तीच गोष्ट मला विशेष सांगायची आहे.

तो डावखुरा होता. दहावीपर्यंत आमच्याकडे शिकला. उंच, पातळ, पाण्यातल्या मरळ माशासारखा; धरला धरला म्हणेपर्यंत निसटलेला. आमच्या शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले असल्यामुळे पुढली दोन वर्षे तो आमच्याकडेच राहील असा हिशेब होता, आणि बाकी अकरा मुले मी त्याच्याभोवती मांडली होती. जून महिना होता. पहिला पाऊस होऊन भाताची रोपे वर येत होती. अशात एके दिवशी शाळेच्या फाटकाशी एक मोटार थांबली. पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक आले होते. माणूस बोलायला गोड. चहा घेता घेता म्हणाले,

‘‘सर, तो डावखुरा मुलगा आम्हाला द्या.’’

मी म्हणालो, ‘‘तो काही शाळेचं बाक नाही उचलून द्यायला. त्याच्या घरी चला.’’

त्याचे घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. आजोबांच्या आधीच्या पिढीची जमीन मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेली. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह पुकारला तेच हे धरण. मागाहून घेतलेल्या जमिनीतली निम्मीअधिक, रस्त्याला भाव आला तेव्हा विकलेली. उरलेली दोन खाचरे, आंबेमोहोराची. क्रीडाशिक्षकांनी पडवीत बसून यादी वाचल्यासारखे सांगितले: फी माफ, वसतिगृहात जागा, सकाळी दूध आणि अंडी, मॅटवरचे बूट, रोज दोन वेळा सराव, राज्य पातळीवर चमकला तर पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेतच. पोराचे डोळे त्या बुटांच्या शब्दालाच चमकले होते. आई आत चुलीपाशी होती. तिने फक्त अंड्यांचे विचारले, की रोज किती.

मी एकच प्रश्न विचारला. म्हटले, ‘‘गुडघा दुखावला आणि दोन वर्षं खेळता आलं नाही, तर फी आणि वसतिगृह राहील का?’’

ते हसले. म्हणाले, ‘‘सर, शुभ बोला की! असं अभद्र कशाला?’’

रात्री मुलाचा बाप माझ्या घरी आला. पावसात भिजलेला, घोंगडे दारात टाकून उंबऱ्यावरच बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘सर, तुम्ही इचारलं त्येचं उत्तर त्या सायबानं दिलं न्हाई. ते मला कळलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. हितं ऱ्हाऊन तरी काय व्हनार? लावनीच्या चिखलात माझं दोन्ही गुडघं गेलं, ते कुनी इचारलं? जायाचंच असंल तर त्येचं निदान खेळताना जाऊ द्या.’’ आणि थोड्या वेळाने खाली मान घालून म्हणाला, ‘‘तुमचा संघ लंगडा व्हईल, त्येचं वाईट वाटतंय.’’

मी म्हणालो, ‘‘संघाचं मी बघतो. तुम्ही पोराचं बघा.’’

आठवड्याने डावखुरा पुण्याला गेला. जाताना त्याने शाळेचा जुना सदरा परत आणून दिला. धुऊन, घडी घालून. पाठीवरचा आकडा निम्मा उडालेला होता.

चांगला गडी हेरायचा आणि उचलायचा ही रीत काही आमच्या तालुक्यापुरती नाही. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो, की तिकडे बास्केटबॉल नावाच्या खेळापायी महाविद्यालये अशीच खेडोपाडी माणसे धाडतात. हा खेळ १८९१ साली डॉक्टर नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकाने, थंडीत मुलांना घरातल्या घरात खेळता यावे म्हणून काढला. एका शिक्षकाच्या अडचणीतून निघालेला खेळ, म्हणून मला त्याच्याबद्दल थोडी आपुलकी आहे. त्यात पाचजण आत असतात. आणि त्या पाचांतही एक चेंडू खेळवत नेणारा, एक लांबून नेम धरणारा, एक टोपलीखाली खांबासारखा उभा राहणारा, अशी वाटणी करावी लागते. पाचही ताडमाड घेतले तर चेंडू पुढे आणायचा कुणी? २०२१ सालापासून तिथल्या महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर उघडपणे पैसे मिळवायची मुभा झाली, महाविद्यालय बदलणेही सोपे झाले, आणि आता शिक्षकांना दरसाल संघ नव्याने जुळवावा लागतो, असे भाचा म्हणतो. मी त्याला लिहिले, की तुमच्या त्या शिक्षकांना माझा नमस्कार सांग. आम्ही एका जातीचे.

आपल्याकडेही आता कबड्डीच्या गड्यांचा जाहीर लिलाव होतो. २०१४ साली प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला, तेव्हा राकेश कुमारला पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजार दिले, ती सर्वात मोठी बोली. आम्ही पारावर तोंडात बोट घातले होते. मग आकडे कोटींत गेले. २०२२ साली तामिळ थलैवाज संघाने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो त्या हंगामात पुढे खेळू शकला नाही. लोक म्हणाले, संपला हा संघ. पण उरलेल्या पोरांनी ओझे वाटून घेतले, आणि त्या संघाने त्याच वर्षी प्रथमच उपांत्य फेरी गाठली. पुढल्या वर्षी त्याच पवनला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. तो बरा होऊन जिवाच्या आकांताने खेळला. पण आजूबाजूला जुळणी नव्हती, आणि संघ शेवटच्या जागेवर राहिला. दोष त्याचा नव्हे. तो पकडला गेला, की त्याला परत आत आणणारे कुणी नव्हते.

त्याच हंगामात आपल्या पुणेरी पलटणीने काय केले? अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी तरुण पोरे सांभाळून ठेवली. मोठी रक्कम, २ कोटी ३५ लाख, मोजली ती चढाईवाल्यासाठी नव्हे. महंमदरझा शादलू या इराणी कोपरावाल्यासाठी! १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८ विरुद्ध २५ असे नमवून पलटणीने करंडक जिंकला. त्या रात्री आमच्या गावात फटाके वाजले. मला तर वाटले, की कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या साऱ्या महाराष्ट्रातल्या पोरांची कुणीतरी दखल घेतली.

आता आमच्या लंगड्या संघाकडे वळतो. डावखुरा गेल्यावर त्याच्या तोडीचा दुसरा आणायचा कुठून? तेव्हा मी एका पूर्ण चढाईवाल्याच्या जागी तीन अर्धे वापरायचे ठरवले. एक बोनसपुरता, एक ताकदीपुरता, आणि तिसरा केवळ वेळ काढण्यात पटाईत. तीस सेकंद नाचून रिकामा पण सुखरूप परत येणारा. अकरा नावे अशी ठरली. बाराव्या जागेसाठी दोन मुले होती. एक अंगाने चांगला, खेळात चमक असलेला; पण मनात आले तर यायचे, नाहीतर नाही. दुसरा डोंगरावरच्या धनगरवाड्यातला, रोज तासभर चालत येणारा. त्याला धड चढाई येत नव्हती, धड पकड. पण सरावाच्या आधी मैदानावर फक्कीने रेषा मारायला तो हजर असे, आणि सराव संपल्यावर खांबांची पोती सोडायलाही तोच असे. मधल्या वेळात तो बसून बघत असे. मी त्याला विचारले, ‘‘काय बघतोस एवढं?’’ तर म्हणाला, ‘‘सर, बकऱ्या राखताना बघायची सवय लागती. कुठली बकरी कवा उधळनार ते आधी कानावरनं कळतं.’’

मी त्याला घेतले. शिक्षकांच्या खोलीत दोघातिघांनी भुवया उंचावल्या.

तालुक्याचा अंतिम सामना मॅटवर झाला. अर्धा डाव झाला तेव्हा आम्ही सहा गुणांनी मागे होतो. त्यांचा एक चढाईवाला आमच्या उजव्या कोपऱ्याला सारखा शिवून जात होता. मध्यंतरात मुले पाणी पीत असताना धनगरवाड्याचा तो पोरगा, ज्याने मैदानात अजून पाऊलही टाकले नव्हते, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘सर, त्यो पाय टाकायच्या आदी खांदा खाली घेतो. खांदा पडला की लगी घोटा धरायला सांगा. पाय येईस्तवर थांबू नगा.’’ मी म्हटले, ‘‘मला कशाला सांगतोस? त्याला सांग.’’ त्याने कोपऱ्यावरच्या मुलाला बाजूला घेतले, खांदा कसा पडतो ते करून दाखवले. दुसऱ्या डावात तो चढाईवाला चार वेळा धरला गेला. डावीकडे आमचे दोघे भाऊबंद एकमेकांचे हात असे घट्ट धरून उभे होते, की सामना संपल्यावरसुद्धा सोडायचे विसरले. त्यांचे बाप मैदानाच्या दोन टोकांना उभे राहून ओरडत होते. टोके दोन होती, पण नावे दोघेही दोन्ही पोरांची घेत होते, एवढे मी माझ्या कानांनी ऐकले. बांधाचा वाद काही त्या दिवशी मिटला नाही. कबड्डीने तारखा मिटत नसतात.

आम्ही तालुका जिंकलो. जिल्ह्याला दुसऱ्या फेरीत दोन गुणांनी हरलो. समोर पुण्याचा संघ होता, पूर्ण डाव खेळणारा, मॅटवर वाढलेला. आमचा डावखुरा त्या दिवशी आमच्याकडे असता तर, असे परतीच्या गाडीत दोघेतिघे म्हणाले. मी गप्प राहिलो. तो असता तर आमचे तीन अर्धे कधी पुरे झाले नसते, आणि बाराव्याचे ऐकायची गरज कुणाला पडली नसती, असेही माझ्या मनात येत होते. पण हरलेल्या मुलांना असली तत्त्वे सांगू नयेत. मी त्यांना पिरंगुटला वडापाव दिला.

डावखुऱ्याने पहिले वर्ष गाजवले. वर्तमानपत्रात त्याचे नाव आले, ते कात्रण त्याच्या आईने पोथीत ठेवले आहे. दुसऱ्या वर्षी एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. शस्त्रक्रियेला पैसे बापाने उभे केले. दोनांतले एक खाचर गेले. पुढल्या वर्षी फीची माफी आली नाही आणि वसतिगृहातली जागा दुसऱ्या एका उंच मुलाला मिळाली. मोटारीतून आलेले ते गोड बोलणारे गृहस्थ तोवर दुसऱ्या महाविद्यालयात गेले होते. पोरगा परत आला. आज तो पिरंगुटच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो, बाहेरून पदवीचा अभ्यास करतो, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी गुडघ्याला पट्टा बांधून आमच्या मैदानावर येतो. चढाई करीत नाही. कोपऱ्यावरच्या मुलांपुढे उभा राहून, चढाईवाला कसा फसवतो ते त्यांना सावकाश करून दाखवतो. त्याच्या हाताखालचे कोपरे आता फसत नाहीत.

एकदा मी त्याच्या बापाला विचारले, की पाठवल्याचा पस्तावा होतो का? तो म्हणाला, ‘‘न्हाई. पन तुमी इचारलं व्हतं तसं आता म्या इचारतो. कुनाच्या बी पोराला न्यायला मोटार आली, की म्या जाऊन पडवीत बसतो आन् गुडघ्याचं इचारतो. आन् म्हनतो, द्या लिहून.’’ या म्हाताऱ्याच्या प्रश्नामुळे आमच्या गावातल्या दोन मुलांना फीमाफी पूर्ण मुदतीसाठी कागदावर लिहून मिळाली आहे. लिलावात कोटी मोजणाऱ्यांकडेही एवढा चोख सल्लागार नसेल.

आणि तो धनगरवाड्याचा? तो पंचांची परीक्षा पास झाला. जत्रेतल्या सामन्यांना शिट्टी घेऊन उभा असतो. चढाईवाल्याचा अंगठा रेषेला लागला की नाही यावर दोन गावे हमरीतुमरीवर येतात, आणि तो शांतपणे हात वर करतो. मग कुणी बोलत नाही. त्याने पाहिले म्हणजे पाहिले, अशी त्याची ख्याती झाली आहे. पूर्ण दोन वर्षांत तो आमच्या संघातून मैदानात उतरला, तो एकूण सहा मिनिटे.

त्यानंतर मी यादी करण्याची रीत बदलली. पहिली सात नावे कुणीही सांगेल. शाळेच्या शिपायालाही ती ठाऊक असतात. ती आपोआप पडतात. मी कागदावर आधी बारा हा आकडा घालतो, आणि त्याच्यापुढे कुणाचे नाव लिहावे याचा दोन-तीन दिवस विचार करतो. खेळायला मिळणार नाही हे कळूनही जो रोज येईल, आणि येऊन नुसता बसणार नाही, असा कोण? ते नाव सापडले, की मग अकरा, दहा असा वर चढत जातो. आमच्या लेखनिकांना ही उलटी यादी पाहून पहिल्या वर्षी हसू आले होते. यंदा फळ्यावर यादी लावली, तेव्हा मी वऱ्हांड्यातून पाहत होतो. मुलांची झुंबड उडाली, आणि बहुतेक पोरे खालून वर वाचीत होती.